पायी यात्रेतली पाण्याची टाकी

चैत्रात देवपूरहून सप्तशृंगी गडाकडे पायी निघालो, की आमच्या गटाची 500 लिटरची टाकी छोट्या हत्तीत असते. मागच्या वर्षी भर दुपारी ती संपली, पुढचं गाव लांब. काळ्या टाकीतलं पाणी दिसत नाही, आणि आम्ही नुसती वाजवून पाहत होतो!

आता गाडी सपाट जागी लावून 20 लिटरच्या बादलीने भरतो. दर पाच बादल्यांना टाकीवर रंगाची रेघ, म्हणजे 100 लिटर. तोटीला पारदर्शक नळी जोडून उघडं टोक टाकीलगत वर धरलं, की आतल्याइतकंच पाणी नळीत दिसतं. दुसऱ्या रेघेवर आलं, की लागेल त्या गावात भरायचं. भरल्या टाकीत पाण्याचंच वजन 500 किलो असतं, म्हणून पाय दुखले तरी त्या गाडीत कुणी बसायचं नाही.