पहिले अठ्ठावीस दिवस

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला गडचिरोली जिल्हा आहे. १९८२ साली चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. घनदाट जंगल, भाताची शेती, वैनगंगेसारख्या मोठ्या नद्या आणि पावसाळ्यात जागोजागी तुटणाऱ्या वाटा हे या प्रदेशाचे रूप आहे. अशा ठिकाणी १९८६ साली डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे दांपत्य येऊन राहिले. दोघांचे वैद्यकीय शिक्षण नागपूरला झाले होते. पुढे अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. रुग्णांवर उपचार करणे आणि लोकांच्या आरोग्याविषयी संशोधन करणे, ही दोन्ही कामे एकाच ठिकाणी चालावीत या हेतूने त्यांनी ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली.

रुग्णालयात बसलेल्या डॉक्टरला त्याच्याकडे आलेला रुग्णच दिसतो. जो आलाच नाही, त्याची नोंद त्याच्या वहीत नसते. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासाची सुरुवात नेमकी या न आलेल्या माणसापासून होते. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी कोणता ना कोणता विकार असल्याचे आढळले. यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया मात्र केवळ ८ टक्के होत्या. १९८९ साली हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रोग घरोघरी होता, पण दवाखान्याच्या नोंदवहीला त्याचा पत्ता नव्हता.

बालमृत्यूंची स्थिती याहून वेगळी नव्हती. ज्या बाळाचे बारसेही झाले नाही, ते दगावले तर त्याची नोंद करायला सहसा कोणी जात नसे. म्हणून संशोधकांनी प्रथम मोजणी हाती घेतली. ठरावीक गावांत प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू टिपायचा, वेगळ्या कार्यकर्त्यांकडून घरोघरी जाऊन तो पुन्हा पडताळायचा, आणि मूल दगावले असेल तर आईशी बोलून आजाराची लक्षणे लिहून घ्यायची, अशी ही पद्धत होती. काम कंटाळवाणे आणि मनाला क्लेश देणारे. तरीही पुढील सर्व संशोधन या मोजणीवरच उभे राहिले.

या नोंदींतून लहान मुलांच्या मृत्यूचे एक मोठे कारण न्यूमोनिया असल्याचे स्पष्ट झाले. न्यूमोनिया झालेल्या मुलाचा श्वास जलद चालतो. तो मोजता आला तर गावातच निदान होऊ शकते. परंतु गावातील सुईणींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि मोठ्या संख्या मोजण्याची सवय नव्हती. यावर मण्यांचे एक साधे उपकरण तयार करण्यात आले. त्यात एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी होत्या : एक ओळ दोन महिन्यांच्या आतील बाळासाठी, दुसरी त्याहून मोठ्या मुलासाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्याची पाळी आली, तर मुलाला औषधाची गरज आहे असे समजायचे. निरक्षर सुईणीला डॉक्टरच्या बरोबरीने निदान करण्याचे बळ या मण्यांनी दिले. जेथे असे उपचार झाले, त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी आढळले. हे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले.

तरी एक प्रश्न उरलाच. न्यूमोनिया आटोक्यात येऊनही अगदी लहान बाळांचे मृत्यू पुरेसे कमी होत नव्हते. जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील बाळाला ‘नवजात’ म्हणतात. दर हजार जिवंत जन्मांमागे या काळात किती बाळे दगावतात, त्या संख्येला ‘नवजात मृत्यूदर’ म्हणतात. पहिल्या वर्षभरातील मृत्यूंवरून ‘अर्भक मृत्यूदर’ काढला जातो. वर्षाच्या तुलनेत अठ्ठावीस दिवस म्हणजे फार थोडा काळ, परंतु अर्भकमृत्यूंपैकी मोठा वाटा याच काळातील असतो. आजारी नवजाताला रुग्णालयातच उपचार मिळायला हवेत, असे त्या वेळी वैद्यकशास्त्र मानत असे. हे मत चुकीचे नव्हते. मात्र ती बाळे रुग्णालयापर्यंत पोहोचतात की नाही, हे कोणी तपासले नव्हते.

ते तपासण्यासाठी १९९५-९६ या वर्षी गडचिरोलीतील ३९ गावांत ७६३ नवजात बाळांची नोंद ठेवण्यात आली. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातीलच स्त्रियांना यासाठी प्रशिक्षण दिले होते. त्यांना ‘आरोग्यदूत’ म्हणत. त्या बाळंतपणाच्या वेळी हजर राहत, नंतर ठरलेल्या दिवशी घरी जात, बाळाचे वजन करत, अंगाचे तापमान पाहत, श्वास मोजत आणि सर्व काही लिहून ठेवत. जे समोर आले ते कोणालाही अस्वस्थ करणारे होते. ९५ टक्के बाळंतपणे घरीच झाली होती. ४२ टक्के बाळांचे जन्मवजन अडीच किलोपेक्षा कमी होते. ५४ टक्के बाळांमध्ये वैद्यकीय मदत आवश्यक असल्याची लक्षणे होती. प्रत्यक्षात डॉक्टरने पाहिलेली बाळे केवळ २.६ टक्के होती. रुग्णालयात दाखल झालेली बाळे ०.४ टक्के, म्हणजे ७६३ पैकी अवघी तीन. त्या वर्षात ४० बाळे दगावली. त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यू रक्तातील जंतुदोष किंवा न्यूमोनिया यांमुळे झाले होते. उरलेल्यांपैकी बरेच मृत्यू जन्मतः श्वास कोंडल्यामुळे आणि अपुऱ्या दिवसांच्या जन्मामुळे झाले होते.

मग ही बाळे रुग्णालयात का गेली नाहीत? येथे ‘लोक अडाणी आहेत’ असे म्हणून हात झटकणे सोपे असते, पण ते खरे नाही. ओल्या बाळंतिणीला आणि तान्ह्या बाळाला घराबाहेर काढू नये, अशी रीत होती. त्या रीतीमागे जपणूकच होती. बाळ दूध ओढत नाही, त्याचे अंग गार पडले आहे, ही धोक्याची चिन्हे आहेत हे कोणी सांगितलेले नव्हते. गाडीचे भाडे, बुडणारी मजुरी, घरी राहिलेली इतर मुले, पुराने अडलेली वाट, आणि निर्णय घेणारा माणूस शेतावर गेलेला, अशी कारणे एकात एक गुंतलेली असत. शिवाय एवढे सोसून पोहोचल्यावर तेथे तान्ह्या बाळाचा उपचार करणारे कोणी असेल, याची खात्री नसे. आरोग्यसेवा ‘उपलब्ध असणे’ आणि ती ‘आवाक्यात असणे’ यांत किती अंतर असते, हे या तीन बाळांच्या आकड्यावरून दिसते.

बाळ रुग्णालयाकडे जाऊ शकत नसेल, तर उपचार बाळाकडे नेले पाहिजेत, असा विचार यातून पुढे आला. १९९६ पासून आरोग्यदूतांना नवी कौशल्ये शिकवण्यात आली. जन्मताच न रडणाऱ्या बाळाला हाताने दाबायच्या पिशवीने श्वास देणे, कमी वजनाच्या बाळाला उबदार पिशवीत ठेवणे, आईला स्तनपानासाठी मदत करणे, आणि जंतुदोषाची चिन्हे ओळखणे ही त्यांतील मुख्य कामे होती. सर्वांत वादग्रस्त काम होते ते जंतुदोष झालेल्या बाळाला जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने द्यायचे जंतुनाशक औषध देण्याचे. सातवी-आठवी शिकलेल्या बाईने काही दिवसांच्या बाळाला सुई टोचायची, या कल्पनेवर अनेक डॉक्टरांनी आक्षेप घेतला. आक्षेप गैर नव्हता. चुकीची मात्रा दिली गेली तर बाळाला इजा होऊ शकते. म्हणूनच प्रशिक्षण टप्प्याटप्प्याने दिले गेले, आईवडिलांची संमती घेतली गेली आणि प्रत्येक आरोग्यदूताच्या कामावर नियमित देखरेख ठेवण्यात आली. तथापि आक्षेप घेणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी होती. येथे आरोग्यदूताची तुलना डॉक्टरशी करायची नव्हती. ती न येणाऱ्या डॉक्टरशी करायची होती.

उपाय लागू पडला की नाही, हे ठरवण्यासाठी नुसता मृत्यूदर घटणे पुरेसे नसते. पाऊसपाणी बरे झाले किंवा रस्ते सुधारले, तरी मृत्यू कमी होऊ शकतात. म्हणून शेजारच्या ४७ गावांत, जेथे ही घरगुती सेवा नव्हती, तेथेही तशीच काटेकोर मोजणी चालू होती. १९९७-९८ मध्ये तुलनेच्या या गावांत नवजात मृत्यूदर हजारी ५९.६ होता. आरोग्यदूतांच्या ३९ गावांत तो २५.५ पर्यंत खाली आला होता. दोन्हीकडील आधीची स्थिती जमेस धरून हिशोब केला, तेव्हा ही घट ६२ टक्के ठरली. पूर्वी जंतुदोष झालेल्या शंभर बाळांपैकी जवळजवळ सतरा दगावत असत. उपचार सुरू झाल्यावर हे प्रमाण तीनच्याही खाली गेले. दर बाळामागे खर्च सुमारे ५.३ डॉलर, म्हणजे त्या वेळच्या हिशोबाने दोनशे रुपयांच्या आसपास आला. डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे संशोधन प्रसिद्ध केले.

एका संस्थेने थोड्या गावांत जे साधले, ते सरकारी यंत्रणेला देशभर साधेल का, हा प्रश्न साहजिकच विचारला गेला. २००१ साली ‘कोवळी पानगळ’ या अहवालातून महाराष्ट्रातील बालमृत्यूंची सरकारी नोंद किती अपुरी आहे, हे पुढे आले आणि राज्यभर चर्चा झाली. बांगलादेशातील सिल्हेट जिल्ह्यातही घरभेटींवर आधारलेला प्रयोग झाला. तेथील घट ३४ टक्के होती, म्हणजे गडचिरोलीहून कमी, परंतु दुर्लक्ष करण्याजोगी निश्चितच नव्हे. २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली. भारतात २००५ पासून गावोगावी ‘आशा’ स्वयंसेविका नेमल्या जात होत्या. २०११ साली हे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले. इंजेक्शनाचा भाग मात्र त्यातून वगळला होता. २०१४ साली केंद्र सरकारने परिचारिकांना, म्हणजे एएनएमना, ठरावीक परिस्थितीत जेंटामायसिन देण्याची मुभा दिली.

दरम्यान परिस्थितीही पालटली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील सुमारे ३९ टक्के बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१९-२१ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ८८.६ टक्के झाले. नमुना नोंदणी पद्धतीनुसार नवजात मृत्यूदर २००५ साली ३७ होता. २०२० साली तो २० झाला. या घटीचे श्रेय एकट्या घरभेटींना देता येणार नाही. त्यात लसीकरण, रस्ते, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका, मुलींचे शिक्षण आणि दवाखान्यांतील नवजात कक्ष या सर्वांचा वाटा आहे. आणि प्रदेशाप्रदेशांतील दरी बुजलेली नाही. २०२० साली केरळमध्ये अर्भक मृत्यूदर ६ होता, तर मध्य प्रदेशात ४३.

दवाखान्यात जन्मलेले बाळही बहुधा दोन-तीन दिवसांत घरी येते. अठ्ठावीस दिवसांपैकी उरलेले दिवस घरीच जातात. यासाठी आशाच्या भेटींचे दिवस ठरवून दिलेले आहेत : तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाळंतपण घरी झाले असेल तर पहिला दिवसही त्यात धरला जातो. या सर्व भेटी पूर्ण केल्यास २५० रुपये मिळतील, असे २०११ साली ठरले. कामाच्या मानाने ही रक्कम फारच तुटपुंजी होती. प्रत्येक भेटीत आशा हात धुते, झोळीच्या काट्यावर बाळाचे वजन करते, तापमान पाहते, बाळ दूध नीट ओढते का हे आईला विचारते. मग बाळाच्या अंगावरचे पांघरूण बाजूला करून घड्याळाकडे पाहत एक मिनिटभर त्याचे श्वास मोजते आणि तो आकडा कागदावर लिहिते.