आमच्या रस्त्यावरील रहदारीची मोजदाद

रस्ता एका पावसाळ्यांत उखडला म्हणजे प्रथम कंत्राटदारास व मागाहून इंजिनियरास बोल लावण्याची आपली रीत आहे, आणि पुष्कळदां ती रास्तही असते. तथापि कांहीं रस्ते असे असतात कीं, त्यांत खडी पुरती पडलेली असते, डांबरही मापांत असतें, आणि तरीही दुसऱ्या गळीत हंगामाअखेर त्यांच्या कडा तुटून जातात. अशा रस्त्याचा दोष खडींत नसून खडी पडण्यापूर्वीं लिहिल्या गेलेल्या एका कागदांत असतो. तो कागद म्हणजे रहदारीच्या मोजदादीचा तक्ता. आपल्या जमिनीचा सात-बारा आपण डोळ्यांत तेल घालून पाहतों. परंतु त्या जमिनीपर्यंत जाणाऱ्या रस्त्याचा हा तक्ता आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांनीं पाहिला असेल. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

रस्ता किती रुंद असावा व त्याचा थर किती जाड असावा, हें कोणी आपल्या मर्जीनें ठरवीत नाहीं. त्यास नियम आहेत, व ते इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेनें घालून दिलेले आहेत. या संस्थेच्या जन्मास आपल्याच एका पुढाऱ्याचें काम कारण झालें, हें सांगण्यासारखें आहे. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखालीं १९२७ सालीं रस्त्यांच्या चौकशीसाठीं कमिटी नेमली गेली. तिच्या शिफारशीवरून १९२९ सालीं पेट्रोलवरील जकातींतून रस्त्यांसाठीं निराळा निधि निघाला, आणि १९३४ च्या डिसेंबरांत ही संस्था स्थापन झाली. पुढें १९४३ सालीं नागपूर येथें भरलेल्या मुख्य इंजिनियरांच्या बैठकींत रस्त्यांचे वर्ग ठरले, तेच थोड्याफार फरकानें आजही चालतात. त्यांपैकीं इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते, म्हणजे शेतकऱ्याचा रोजचा संबंध ज्यांशीं, ते आपल्या राज्यांत १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे आहेत.

मोजदादीची रीत सोपी आहे. गांवाच्या वस्तीपासून दूर, रस्त्याच्या सरळ भागीं एक ठिकाण धरावयाचें, आणि तेथें सतत सात दिवस, दिवसाचे चोवीसही तास, आठ आठ तासांच्या तीन पाळ्यांनीं माणसें बसवावयाचीं. वाहनाच्या प्रत्येक प्रकारास तक्त्यांत निराळा रकाना असतो. वाहन गेलें कीं त्या रकान्यांत एक उभी रेघ. चार उभ्या झाल्या कीं पांचवी त्यांवर तिरपी. खळ्यावरून पोतीं भरतांना आपला गडी कोळशानें भिंतीवर ओढतो त्याच या रेघा. सात दिवस कां, तर आठवड्याचा बाजार त्यांत यावा म्हणून. लहान ग्रामीण रस्त्यास तीन दिवसांचीही मोजणी चालवून घेतात. तेव्हां त्या तीनांत बाजाराचा दिवस सांपडला आहे कीं नाहीं, एवढें गांवकऱ्यांनीं अवश्य पाहावें.

याहून महत्त्वाचा नियम हंगामाचा आहे. मोजणी वर्षांतून दोनदां करावी, एकदां पीक निघून बाजारास जाण्याच्या भर हंगामांत व एकदां मंदीच्या दिवसांत, असें या नियमांत स्पष्ट म्हटलें आहे. जत्रा किंवा प्रदर्शन असेल तर मोजणी पुढें ढकलावी, असेंही त्यांत आहे. आणि तें योग्यच आहे. आषाढांत पंढरीच्या वाटेवर बसून केलेल्या मोजणीवरून त्या वाटेच्या बारमाही कामाचा अंदाज कोणास होणार? वारकऱ्यांच्या सोयीचा विचार हा निराळा विषय आहे. परंतु जत्रा आणि हंगाम यांत भेद आहे. जत्रा चार दिवसांची असते. ऊस चार महिने वाहतो. हंगामांतील गर्दीस अपवाद समजून जो तिला वगळतो, त्यानें रस्त्याचें मुख्य कामच वगळलें असें म्हणावें लागेल.

एक उदाहरण घेऊं. तें कल्पित आहे, पण आंकडे कोणत्याही ऊसपट्ट्यास शोभतील असे आहेत. समजा, एका जोडरस्त्यावर श्रावणांत मोजणी झाली व दिवसास ७० मोटारवाहनें भरलीं. आतां गळिताचे १२० दिवस याच रस्त्यावर दररोज आणखी १५० वाहनें येतात असें धरा. तीं सर्व वर्षावर पसरलीं तर दिवसास सुमारें ४९ पडतात. म्हणजे खरी सरासरी ११९ झाली. ७० आणि ११९ यांत मोठेंसें काय, असें कोणी म्हणेल. पण या दोन आंकड्यांच्या मधोमध १०० ची रेघ आहे. २५ डिसेंबर २००० पासून सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेंत, ज्या जोडरस्त्यावर दिवसास शंभराहून कमी मोटारवाहनें आहेत तेथें डांबरी पट्टी ३ मीटर ठेवण्यास मुभा आहे. एरवीं ती ३.७५ मीटर असावी लागते. श्रावणांतल्या एका तक्त्यानें रस्ता पाऊण मीटरनें अरुंद झाला.

हा पाऊण मीटर काय करतो, तें काळ्या रानांत राहणारास सांगावयास नको. तीन मीटरांवर भरलेला ट्रॅक्टर-ट्रेलर आणि समोरून दुसरें वाहन आलें कीं एकाचीं चाकें बाजूपट्टीवर उतरलींच पाहिजेत. रोज उतरून उतरून पट्टी खचते व डांबराची कड उघडी पडते. उघडी कड ट्रेलरच्या चाकाखालीं टवके उडून तुटते. मग मृगाचें पाणी त्या भेगेंतून आंत जातें आणि खालची काळी माती फुगून मऊ होते. वरून रस्ता अद्याप शाबूत दिसतो, पण त्याचें पोट गेलेलें असतें. पुढच्या कार्तिकांत पहिली भरलेली खेप आली कीं चाकोरी पडते. लोक म्हणतात, डांबर कमी घातलें.

मोजणींत सर्व वाहनें सारखीं धरीत नाहींत. रुंदीच्या हिशेबासाठीं मोटारगाडीस एक धरून इतरांस त्या मानानें भार दिला आहे. खेड्यांतील रस्त्यांसाठीं १९९० सालीं ठरलेल्या कोष्टकांत फटफटी व सायकल प्रत्येकीं अर्धी, नुसता ट्रॅक्टर दीड, मालमोटार अगर एस. टी. तीन, ट्रेलर जोडलेला ट्रॅक्टर साडेचार, आणि बैलगाडी आठ! हा मान तिच्या वजनाचा नसून मंद चालीचा आहे, कारण तिच्यामागें इतरांस खोळंबावें लागतें. तथापि तक्ता भरणारे तरुण बैलगाडी जमेस धरीतच नाहींत असा आमचा अनुभव आहे. त्यांस वाटतें, ती जुनी गोष्ट. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या टायरगाड्या पहाटे रांगेनें निघतात, तेव्हां हे तरुण झोपलेले असतात.

थराच्या जाडीचा हिशेब मात्र अगदीं निराळा आहे. त्यांत हलकीं वाहनें धर्तव्यांत नाहींत. आंसावर बोजा किती, हाच प्रश्न. अमेरिकेंत इलिनॉय राज्यांतील ओटावा गांवाजवळ १९५८ ते १९६० या काळांत मुद्दाम रस्ते बांधून त्यांवर ठराविक बोजाच्या मालमोटारी सतत फिरविल्या, आणि रस्ता कसा झिजतो तें मोजलें. त्यावरून असें दिसून आलें कीं, झीज बोजाच्या सुमारें चौथ्या घाताच्या प्रमाणांत वाढते. आपल्याकडे ८.१६ टनांचा एक आंस प्रमाण धरतात. त्यावर सव्वापट बोजा घातला तर झीज सुमारें अडीचपट, दीडपट घातला तर पांचपट, आणि दुप्पट घातला तर सोळापट होते. जादा भरल्यानें खेपा वांचतात हें खरें. पण दीडपट बोजानें खेपा अगदीं निम्म्या झाल्या असें धरलें, तरी रस्त्याची एकूण झीज अडीचपट राहते. हें आमच्या ऊसवाल्या बंधूंस रुचणार नाहीं, पण ट्रेलर वरपर्यंत रचणारा कोणी परका नसतो. म्हणून तक्त्यांत नुसती वाहनांची संख्या असून भागत नाहीं. भरलेलें कीं रिकामें, आणि कोणत्या दिशेस, हेही रकाने असावेत.

खोट्या तक्त्याविषयीं थोडें. आमची सारी नोकरी महसुलाच्या कागदांत गेली, आणि चावडींत बसून केलेली पीकपाहणी कशी दिसते हें आम्हांस पुरतें ठाऊक आहे. रहदारीचा तक्ताही तसाच ओळखूं येतो. तिन्ही पाळ्यांत एकच हस्ताक्षर, एकच शाई. पहाटेच्या तीनला आणि दुपारच्या तीनला सारखेच आंकडे. बाजाराचा दिवस इतर दिवसांहून उठून दिसत नाहीं. बेरजा पांचाच्या नाहींतर दहाच्या पटींत संपतात. आणि सात दिवस रस्त्याकडेला राहिलेल्या कागदावर धुळीचा एक डाग नाहीं. खरा तक्ता वांकडातिकडा असतो. एखाद्या रात्रीं गुऱ्हाळ बंद होतें, एखाद्या दिवशीं पूल दुरुस्तीस निघतो, आणि तें त्यांत उमटतें.

यंत्रें आलीं आहेत. रस्त्यावर आडवी रबरी नळी टाकून तींतील हवेच्या धक्क्यावरून आंस मोजतात; रस्त्याखालीं तारेचें वेटोळें पुरून वरून जाणारें लोखंड ओळखतात; कॅमेरेही बसवितात. यंत्र झोंपत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. पण नळीस दोन ट्रेलरांचा ट्रॅक्टर आणि एकामागून एक आलेल्या दोन गाड्या यांतला भेद दर वेळीं उमगतोच असें नाहीं, आणि लांकडी बैलगाडी वेटोळ्यावरून न कळतां निघून जाऊं शकते. महामार्गास तीं ठीक. आमच्या रस्त्यास अजून डोळसच माणूस पाहिजे.

मोजून झाल्यावर कागद जपणें हें मोजण्याइतकेंच काम आहे. कचेऱ्यांत बहुधा शेवटची बेरीज तेवढी राहते व मूळ तक्ते रद्दींत जातात. मग पांच वर्षांनीं नवी मोजणी होते, ती निराळ्या ठिकाणीं, निराळ्या महिन्यांत. आणि रहदारी वाढली कीं घटली हें कोणासच सांगतां येत नाहीं. ठिकाण किलोमीटरच्या दगडावरून लिहावें, ‘पाटलाच्या विहिरीजवळ’ असें नव्हे, विहीर बुजते. तारीख, वार, पाऊस, बाजार, कारखाना चालू कीं बंद, आणि पाळीवर बसणाराची सही, एवढें प्रत्येक पानावर असावें.

आणखी एक साधन आपल्या दाराशीं आहे. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक खेपेचें वजन व वेळ नोंदली जाते, बाजार समितीच्या दारावर आवक लिहिली जाते. इंजिनियर ज्यासाठीं खर्च करून मोजणी करवितात, त्याचा अर्धा भाग या वह्यांत पूर्वींच लिहिलेला आहे. आमच्या संघाचे पुष्कळ सभासद कारखान्याचेही सभासद आहेत. त्यांनीं हंगामाची दिवसवार खेपांची यादी कारखान्याकडे मागावी.

रस्ता मंजुरीस गेला असल्यास, किंवा झालेला रस्ता लवकर उखडला असल्यास, त्याच्या मोजदादीच्या मूळ तक्त्यांची नक्कल माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वयें अर्ज करून मागतां येते. अर्जास दहा रुपये फी आहे व उत्तरास तीस दिवसांची मुदत. बेरीज मागूं नये, तक्ते मागावेत. मोजणीचा महिना प्रथम पाहावा. तो पावसाळ्यांतला निघाल्यास येत्या हंगामांत गांवानें स्वतः सात दिवस बसावें. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपण आपली पीकपाहणी मोबाईलवर स्वतः भरूं लागलों, मग हें कांहीं अवघड नाहीं. दर पाळीस दोन माणसें पुरेत, एक पाहणारा व एक लिहिणारा. रात्रीच्या पाळीस शाळेचीं मुलें बसवूं नयेत, आणि बसणारांनीं कंदील अगर बॅटरी घेऊन रस्त्यापासून दहा हात आंत राहावें. तक्त्यांच्या दोन प्रती कराव्या. मूळ प्रत ग्रामसभेंत वाचून दप्तरीं ठेवावी. दुसरी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या उपअभियंत्याकडे ग्रामपंचायतीच्या जावक क्रमांकानें न्यावी, आणि पोच दुसऱ्या कागदावर न घेतां आपल्याजवळील प्रतीवरच शिक्क्यासह घ्यावी.