हवेच्या भरवशावर

पेट्रोलच्या इंजिनात जे इंधन जळतं, त्यातली पाव ते फार तर तिसरा हिस्सा ऊर्जा गाडी ओढायच्या कामी येते. बाकीची उष्णता होते. त्यातली बरीचशी सायलेन्सरवाटे निघून जाते, पण उरलेली सिलिंडरच्या भिंतीतून, हेडमधून आणि तेलातून बाहेर काढावी लागते. ती वेळेत निघाली नाही, तर पिस्टन फुगतो, तेलाचा पातळ पडदा फाटतो आणि इंजिन चिकटतं. पाण्यावर थंड होणाऱ्या इंजिनात हे काम पाणी, पंप आणि रेडिएटर बिनबोभाट करतात. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनात फक्त पंखा, पातळ पत्रे आणि सिलिंडरवरच्या पापुद्र्यांसारख्या फिन्स असतात. म्हणून अशा जुन्या गाडीत ताकदीचं इंजिन बसवणाऱ्याने आधी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायला हवं: वाढलेली ताकद जी जादा उष्णता घेऊन येणार, ती कुठून बाहेर जाईल? कार्ब्युरेटर, कॅम, पिस्टन यांची निवड त्यानंतरची.

पिंपरी-चिंचवडला हा प्रश्न नवा नाही. आकुर्डीच्या बजाज ऑटोने १९७२ मध्ये चेतक बाजारात आणली. पियाज्जोबरोबरचा करार १९७१ मध्येच संपला होता, पण इंजिनाचा वंश व्हेस्पाचाच होता. सिलिंडरचा व्यास ५७ मिलिमीटर, स्ट्रोकही ५७ मिलिमीटर. गुणाकार केला की १४५.४५ सीसी. टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर, आणि तो उजव्या बाजूच्या डिक्कीसारख्या झाकणाआड दडलेला. समोरचा वारा तिथे पोचतच नाही. म्हणून फ्लायव्हीलवरच पंख्याची पाती ओतलेली आणि त्या पंख्याची हवा सिलिंडरभोवती फिरवायला पत्र्याचं आवरण. किक मारली की चाक फिरायच्या आधी हवा फिरू लागते.

या औद्योगिक पट्ट्यातल्या मेकॅनिकांच्या दोन पिढ्यांनी इंजिन म्हणजे काय हे याच सिलिंडरवर शिकून घेतलं. चेतक गरम होऊन बंद पडते ही तक्रार आली, की चांगला मेकॅनिक आधी तेलाचं प्रमाण विचारायचा आणि मग ते आवरण चाचपायचा. कारण आधीच्या कुणीतरी घाईत हेड खोललेलं असायचं आणि आवरण परत नीट बसवलेलं नसायचं. एखादा स्क्रू कमी, एखादी फट उघडी. हवा सोप्या वाटेने निघून जायची आणि सिलिंडरची मागची बाजू तापत राहायची. मग पिस्टनवर उभे ओरखडे, रीबोर, ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा. खर्च सगळा त्या पत्र्याच्या हेळसांडीचा. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे चारचाकी गाडीत ती हुबेहूब, फक्त चौपट मापात भेटते.

चाकणने तर हवा ते पाणी हा सगळा प्रवास आपल्याच अंगणात केला. बजाजचा चाकणचा कारखाना १९९९ च्या सुमारास सुरू झाला आणि २००१ च्या नोव्हेंबरात पल्सर आली, ती हवेवर थंड होणारी. २००७ च्या पल्सर २०० ला तेल थंड करणारा कूलर जोडावा लागला. २०१२ मध्ये केटीएम ड्यूक २०० आणि पल्सर २०० एनएस आल्या, त्या थेट पाण्याच्या. दर लिटरमागे जास्त घोडे मागितले, व्हॉल्व्ह दोनाचे चार केले, की हेडमध्ये हवेला शिरायला जागा उरत नाही. धूर आणि आवाज यांचे नियम कडक झाले, तसा हवेचा जमाना मोटारींमध्येही आटोपला. पोर्शेने हवेवरची शेवटची ९११ मार्च १९९८ मध्ये बनवली. फोक्सवॅगनची शेवटची जुनी बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे तयार झाली. एकूण आकडा २ कोटी १५ लाखांच्या पुढे गेला होता.

त्याच फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला ३१ मार्च २००९ रोजी सुरू झाला. तिथे पोलो बनली, २०१५ मध्ये इंजिन जोडणीचा विभागही सुरू झाला. जुनी बीटल मात्र तिथे कधी बनली नाही. आपल्याकडे ज्या आहेत त्या बहुतेक आयात होऊन आलेल्या, आणि त्यांचं इंजिन काम निघालं की मालकाला कंपनीच्या दारापेक्षा भोसरी-चिंचवडच्या छोट्या शेडचाच जास्त उपयोग होतो. बोअरिंग मशिन, क्रँक ग्राइंडिंग, होनिंग, बॅलन्सिंग, पृष्ठभाग घासणारं ग्राइंडर हे सगळं इथे काही किलोमीटरांच्या आत मिळतं. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली. नंतरच्या दशकांत टेल्को आणि बजाज यांच्यासाठी सुटे भाग करणाऱ्या शेकडो शेड या भागात उभ्या राहिल्या. मायक्रॉनमध्ये बोलणारा टर्नर आणि ‘दोन थाऊ अजून घे’ म्हणणारा जुना फिटर एकाच गाळ्यात सापडावेत, असा मुलूख महाराष्ट्रात दुसरा नाही असं मला वाटतं.

बीटलचं इंजिन हातात घेतलं की त्याची रचना पाहून मन प्रसन्न होतं. चार सिलिंडर, दोन डावीकडे, दोन उजवीकडे, जमिनीला समांतर आडवे. मधोमध दोन अर्ध्या भागांत उघडणारी मॅग्नेशियम मिश्रधातूची क्रँककेस. फ्रान्झ राइमश्पीस याने १९३० च्या दशकात मांडलेली ही कल्पना ९८५ सीसीपासून सुरू झाली आणि मूळ ढाचा न सोडता १५८४ सीसीपर्यंत गेली: व्यास ८५.५, स्ट्रोक ६९ मिलिमीटर, ताकद ५० अश्वशक्ती. या इंजिनातून जास्त ताकद काढण्याचा नाद गाडीइतकाच जुना आहे. १९४८ ची पहिली पोर्शे ३५६ म्हणजे फोक्सवॅगनचंच ११३१ सीसीचं इंजिन, वाढवलेल्या कॉम्प्रेशनचं आणि सुधारलेल्या हेडचं. १९५० च्या दशकात जर्मनीत ओक्रासाचे ताकद वाढवणारे संच विकले जात, पुढे कॅलिफोर्नियात एम्पीने त्याचा मोठा धंदा केला.

सर्वांत रुळलेली वाढ म्हणजे ९०.५ मिलिमीटरचे पिस्टन. स्ट्रोक तोच ठेवला, तर १७७६ सीसी होतात. याहून पुढे ९४ मिलिमीटरचे पिस्टन आणि ८२ मिलिमीटर स्ट्रोकची क्रँक घालून २२७६ सीसीपर्यंत जाता येतं. मोह तिथेच होतो. माझं स्पष्ट मत: पुण्याच्या उन्हात, खंडाळ्याचा घाट आणि चाकणच्या चौकातली कोंडी या दोन्हींतून जाणाऱ्या गाडीला १७७६ पुरे. आणखी एक धोका सोप्या वाटेचा असतो. क्रँककेसला हात न लावता नुसते आत सरकवता येणारे ८८ मिलिमीटरचे सिलिंडर मिळतात. मशिनिंगचा खर्च वाचतो. पण त्यांची भिंत इतकी पातळ असते, की तापल्यावर ती गोल राहत नाही. ९०.५ च्या सिलिंडरसाठी क्रँककेस आणि हेड दोन्ही मोठं करावं लागतं, पण भिंत जाड राहते. जाड भिंत उष्णता पसरवते आणि आकार धरते. चार पैसे इथेच घालावेत.

पण मशिनवर काही चढवण्याआधी परिवहन खात्याच्या कागदांचा विचार झाला पाहिजे. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा व्हिंटेज क्रमांक घेता येतो. नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वेगळं सांगतं, पण रोख तोच. निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. आरसी बुकात इंजिन क्रमांक आणि सीसी दोन्ही छापलेले असतात, आणि बीटलचा क्रमांक क्रँककेसवरच ठोकलेला असतो. म्हणजे मूळ केस बोअरिंग मशिनवर चढवली, की गाडीचा व्हिंटेज दर्जा कायमचा हातचा जाऊ शकतो. जिची मूळ केस शाबूत आहे, ती गाडी मूळ मापातच उत्तम बांधावी. जिचं इंजिन पूर्वीच कुणी बदललेलं किंवा बिघडवलेलं आहे, तिच्यावर हा प्रयोग करावा, तोही आरटीओची लेखी परवानगी आधी घेऊन. एमएच-१४ च्या कचेरीत नंतर हेलपाटे घालण्यापेक्षा हे बरं.

आता उघडलेलं इंजिन. मॅग्नेशियम हलकं असतं, पण सतत तापून-निवून क्रँकच्या बेअरिंगच्या जागा लांबट होतात. मग लाइन बोरिंग: सगळ्या बेअरिंगांच्या जागा एका सरळ रेषेत पुन्हा कापायच्या आणि बाहेरून ओव्हरसाइज बेअरिंग घालायचं. मॅग्नेशियमच्या कतरणीला आग लवकर लागते, म्हणून वर्कशॉपमध्ये हे आधीच सांगून ठेवावं. क्रँक, फ्लायव्हील आणि क्लचची प्रेशर प्लेट एकत्र बॅलन्स करून घ्यावी. चारही पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड काट्यावर एकसारख्या वजनाचे करावेत. क्रँकची मागेपुढे हालचाल, जिला एंडप्ले म्हणतात, ती ०.०७ ते ०.१३ मिलिमीटरच्या आत हवी. ती जमवायला फ्लायव्हीलच्या मागे तीन पातळ शिम असतात. डायल गेज लावायचा, मोजायचं, एक शिम बदलायचा, परत मोजायचं. या एका मापावर संध्याकाळ जाते. फ्लायव्हीलचा मधला नट साधारण ३० किलोग्रॅम-मीटर टॉर्कला आवळावा लागतो. साध्या टॉर्क रेंचने ते होत नाही, लांब पाइप आणि दोन माणसं लागतात.

उष्णतेची खरी कसोटी तिसऱ्या सिलिंडरवर लागते. बीटलच्या पंख्याच्या आवरणात तेलाचा कूलर उभा असतो आणि जुन्या इंजिनांत तो नेमका तिसऱ्या सिलिंडरच्या वाटेवर. कूलरमधून तापलेली हवाच त्या सिलिंडरच्या वाट्याला येते. फोक्सवॅगनने काही डिस्ट्रिब्युटरमध्ये तिसऱ्या सिलिंडरचा स्पार्क मुद्दाम थोडा उशिरा ठेवला होता. १९७१ च्या मॉडेलपासून कूलर जागेवरून सरकवून त्याला स्वतंत्र कोठी दिली गेली. ताकदीचं इंजिन बांधणाऱ्याने ही नंतरची रचनाच घ्यावी आणि तिच्यासोबतचा रुंद पंखाही.

आणि पत्रे. बीटलच्या इंजिनाभोवती डझनभर पत्रे असतात. सिलिंडरवरचे, खालून हवा वळवणारे, इंजिनाच्या कडेने बॉडीपर्यंत जाणारे, त्यांना लागणारे रबरी सील. गंजले म्हणून, सुंदर दिसत नाहीत म्हणून, बसवायला वेळ लागतो म्हणून हे पत्रे फेकून दिलेली इंजिनं पाहिली की जीव तुटतो. वरची हवा थंड, खालची तापलेली. या दोघींच्या मधली भिंत म्हणजे हे पत्रे. एक सील नसला तरी पंखा खालची गरम हवा परत ओढतो. क्रोमचं भपकेदार आवरण घेण्याऐवजी जुना पत्रा साफ करून काळा रंगवलेला केव्हाही चांगला. ‘आपल्याकडे थंडी कुठे’ म्हणून थर्मोस्टॅटबरोबर आवरणातल्या झडपाही काढून टाकतात. त्या झडपांचे पडदे हेड आणि कूलरकडे हवा वाटूनही देतात, हे विसरलं जातं.

इंधनाकडेही आता तापमानाच्या नजरेने पाहावं लागतं. पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आलं आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे जुन्या जेटमधून तेवढंच पेट्रोल गेलं तर मिश्रण पातळ पडतं, आणि पातळ मिश्रणाने हेड जास्त तापतं. दोन वेबर कार्ब्युरेटर बसवले, तर जेट मोठे घालावे लागतात, रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्या लागतात आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करावे लागतात. कॉम्प्रेशन वाढवायचं तर जपूनच. सिलिंडरच्या तळाशी घालायच्या पातळ कड्यांनी ते कमीजास्त करता येतं. चुकलं तरी सुधारता येतं.

इंजिन गाडीत चढवणं हा या सगळ्यातला सोपा भाग. बीटलची मागची बाजू उंच करायची, शंभर किलोंहून थोडं जड इंजिन चाकांच्या जॅकवर खालून सरकवायचं, क्लचच्या मधून गिअरबॉक्सचा शाफ्ट दात जुळवून आत घालायचा, आणि चार बोल्ट. फ्युएलची नळी, ॲक्सिलरेटरची तार, विजेच्या वायरी, हीटरचे दोन पाइप. सराव झालेले दोघे हे तासाभरात करतात. शाफ्ट अडला तर बोल्टने ओढून आणू नये. क्लच प्लेट मधोमध बसलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ताकद वाढवली की पुढचे ड्रम ब्रेकही तपासून, शक्यतो डिस्क लावूनच गाडी रस्त्यावर काढावी.

नवी कॅम आणि टॅपेट असतील, तर इंजिन सुरू झाल्याबरोबर साधारण वीस मिनिटं २००० आरपीएमच्या आसपास चालू ठेवावं लागतं, आयडलिंगला सोडायचं नाही. नाहीतर कॅमच्या चढावर तेल उडत नाही आणि तिथेच झीज सुरू होते. त्याआधी प्लग काढून, स्टार्टर फिरवून तेलाचा दाब आल्याची खात्री करायची. क्षमता फक्त अडीच लिटर तेलाची, म्हणून ताकदीच्या इंजिनाला तळाशी जादा टाकी आणि तेलाच्या तापमानाचा मीटर हे दोन खर्च टाळू नयेत. तेल १०० अंशांच्या आसपास फिरत असेल तर ठीक. १२० च्या वर राहू लागलं तर घाट मध्येच सोडून थांबायचं आणि आधी पत्रे, सील, मग टायमिंग, मग जेट या क्रमाने पाहायचं. मुंबईहून पुण्याला येताना खोपोलीच्या पुढचा चढ ही चाचणी घ्यायला उत्तम जागा, पण पहिल्या तेलबदलानंतरच. पहिलं तेल थोडक्या किलोमीटरांतच काढावं, जाळीवर आणि चुंबकावर काय आलं ते पाहावं, हेडचे नट टॉर्कला परत पाहावेत, आणि थंड इंजिनावर फीलर गेजने सगळ्या आठ टॅपेटची फट ०.१५ मिलिमीटर करून घ्यावी.