दक्का : चिरडलेल्या माणसाचा शब्द

हिब्रू भाषेत 'दक्का' असा एक शब्द आहे. अर्थ चिरडलेला, चुरा झालेला. बायबलच्या ९०व्या स्तोत्रात माणूस शेवटी ज्या धुळीला मिळतो, तिलाही हाच शब्द आला आहे. ५१वं स्तोत्र दावीद राजाच्या नावावर आहे. बथशेबा या दुसऱ्याच्या बायकोच्या प्रकरणात नाथान संदेष्ट्यानं त्याला तोंडावर सुनावलं आणि राजानं देवापुढे बळीच्या जनावराऐवजी आपलं मोडलेलं मन ठेवलं. तिथलं क्रियापद याच कुळातलं. त्यामुळे दक्का म्हणजे पश्चात्तापानं खचलेला, हा अर्थ रूढ झाला.

या पश्चात्तापाला मराठी घरात स्वतःचा सण होता. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यातले बेने इस्राएल हे ज्यू लोक तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. योम किप्पूर या क्षमेच्या दिवसाला ते 'दारफाळणीचा सण' म्हणत. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, कडकडीत उपास करायचा, बाहेरच्यांशी बोलायचं नाही. दुसरा दिवस 'शिळा सण'. त्या दिवशी गोरगरिबांना दान, नातलगांच्या भेटी. आदल्या दिवशी आलेले पितर शिळ्या सणाला परततात, अशी समजूत होती. पितृपक्ष पाळणाऱ्या शेजाऱ्यांना ही ओळखीचीच वाटली असणार. ज्यूंचा धर्मनियम मात्र इथं कडक आहे : शेजाऱ्याचं वाईट केलं असेल तर उपासानं भागत नाही, आधी त्याचीच समजूत काढावी लागते. मला या सगळ्यात हा नियम सर्वांत मोलाचा वाटतो.

पण ३४व्या स्तोत्रातही हाच शब्द येतो आणि तिथं गुन्ह्याचा विषयच नाही. देव चिरडलेल्यांच्या जवळ असतो, एवढंच तिथं आहे. नीतिमान माणसालाही पुष्कळ सोसावं लागतं, हेही लगेच पुढे येतं. स्वतःच्या चुकीनं मोडलेला आणि काही न करता मोडलेला, दोघांना एकच शब्द.

लातूरकरांना हे सांगायलाच हवं. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन आटोपून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला भूकंपानं किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं कोसळली. हजारो माणसं गेली. ज्यूंच्या पंचांगात योम किप्पूर होऊन पाच दिवस झाले होते आणि त्याच दिवशी सुक्कोथ सुरू झाला होता. पक्कं घर सोडून पानांच्या मांडवात बसायचा तो सण. किल्लारीची माणसं त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेली.

अशा वेळी 'कुणाचं पाप भोवलं' ही कुजबुज आपल्याकडे हमखास सुरू होते. जिचं लेकरू ढिगाऱ्याखाली गेलं, त्या आईलाही ती ऐकावी लागते. हे क्रूर आहे. माणसं मेली ती माळवदाखाली. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडी खण आणि त्यावर मातीचा थर. गळती थांबावी म्हणून लोक वर नवी माती टाकत, छत जड होत जाई. उन्हाळ्यात थंड राहणारं हेच घर हादऱ्यात जिवावर उठलं. चूक शोधायचीच तर ती बांधकामात होती, आणि ती सुधारताही आली : ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, इतर अनेक गावांत जुनी घरं जागच्या जागी बळकट केली गेली.