अरण्यांतून जाणारा बिनतारी संदेश

सागवानाच्या दाट अरण्यांत दोन वनरक्षक गस्त घालीत आहेत असें समजा. एकाचा पाय कड्यावरून घसरून मोडला. दुसऱ्याच्या हातांत बिनतारी यंत्र आहे आणि ठाणें अवघ्या तीन किलोमीटरांवर आहे. तरी त्याची हांक तेथें पोहोंचत नाहीं. उघड्या माळावर हेंच यंत्र उत्तम चालत होतें. मग अरण्यांत तें मुकें कां व्हावें? आणि हांक किती दूर जाईल हें आधींच गणितानें सांगतां येईल काय? या प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम उघडें मैदान घेऊं. दिव्याचा प्रकाश जसा दूर जातां जातां पसरून मंद होतो, तद्वत् बिनतारी लहरीहि होतात. मोकळ्या अवकाशांत अंतर दुप्पट झालें म्हणजे शक्ति चौथाई उरते. परंतु यंत्र जमिनीजवळ असलें तर एक लहर सरळ जाते व दुसरी जमिनीवरून परावर्तित होऊन येते. दूरच्या ठिकाणीं दोहोंच्या मार्गांत फारसा फरक राहत नाहीं. पण परावर्तनांत लहर उलटी होत असल्यामुळें त्या एकमेकींस बहुतांशीं मारक होतात. म्हणून अंतर दुप्पट होतांच शक्तीचा केवळ सोळावा हिस्सा उरतो.

आतां मध्यें झाडें आणूं. खोडें, फांद्या व पानें यांतील पाणी लहरींची कांहीं शक्ति शोषून घेतें. कांहीं शक्ति दाही दिशांस विखुरते. लहर जितकी आखूड, तितका हा अडथळा मोठा. ३० मेगाहर्ट्‌झ कंपनसंख्येच्या लहरीची लांबी १० मीटर असते. ३,००० मेगाहर्ट्‌झच्या लहरीची अवघी १० सेंटिमीटर, म्हणजे सागाच्या पानाहूनहि कमी.

वाइसबर्गर या अमेरिकन संशोधकानें १९८२ सालीं अनेक मोजण्या एकत्र करून एक सूत्र बसविलें. १४ ते ४०० मीटर दाट झाडीकरितां तें असें: झाडींतील अंतराच्या मीटरांचा ०·५८८ वा घात आणि कंपनसंख्येच्या गिगाहर्ट्‌झांचा ०·२८४ वा घात यांच्या गुणाकारास १·३३ नें गुणावें, उत्तर डेसिबेलांत येतें. दहा डेसिबेल घट म्हणजे दहावा हिस्सा उरणें, वीस म्हणजे शंभरावा. ४०० मेगाहर्ट्‌झकरितां गणित केल्यास १०० मीटरांस सुमारें १५, २०० मीटरांस २३ व ४०० मीटरांस ३५ डेसिबेल घट येते. ही घट अंतरामुळें होणाऱ्या घटीहून निराळी.

येथें एक नवल दिसतें. प्रत्येक शंभर मीटर झाडी सारखाच वांटा खात असती, तर ४०० मीटरांस ६० डेसिबेल घट व्हावयास पाहिजे होती. ती इतकी होत नाहीं, कारण विखुरलेल्या लहरींपैकीं कांहीं पानापानांवर आदळत पुनः पुढेंच येतात. लांब लहरींचा मार्ग याहून निराळा. १९६७ सालीं थिओडोर तामिर यांनीं अरण्य म्हणजे जमिनीवर पसरलेला एक जाड थर असें मानून गणित मांडलें. त्यावरून असें दिसलें कीं, लहर वर शेंड्यांपर्यंत चढते, शेंड्यांच्या कडेनें हवेंतून प्रवास करते व शेवटीं खालीं उतरते. हिचीहि शक्ति अंतर दुप्पट होतां सोळाव्या हिश्श्यावर येते. तथापि झाडींतून सरळ जाणारीपेक्षां ती पुष्कळच दूर टिकते.

मात्र सूत्र म्हणजे सत्याची प्रतिकृति, सत्य नव्हे. वाइसबर्गरचें सूत्र समशीतोष्ण प्रदेशांतील कोरड्या, पानांनीं भरलेल्या झाडांचें आहे. आपला साग उन्हाळ्यांत पानें गाळतो व पावसाळ्यांत ओलाचिंब असतो. तेव्हां परक्या वनांतील आंकडे येथें लावण्यापूर्वीं आपल्या अरण्यांत, निरनिराळ्या ऋतूंत, मोजून पाहणें अवश्य आहे.

आतां आपल्या वनरक्षकाकडे परत येऊं. त्यानें काय करावें? झाडींत तेथल्या तेथें ओरडत राहण्यांत यंत्राची वीज मात्र सरेल. त्यानें जवळच्या टेकडीवर किंवा मोकळ्या जागीं जावें; तें न साधल्यास यंत्राची तार शक्य तितकी उंच चढवावी; आणि सोय असेल तर लांब लहर निवडावी. घातांक व गुणाकार हे परीक्षेपुरतेच आहेत असें ज्यांस वाटतें, त्यांनीं कड्याखालीं वाट पाहत पडलेल्या त्या मनुष्याचें क्षणभर स्मरण करावें.