वेदनाशामक अफूजन्य औषधे : भीती आणि दक्षता

कर्करुग्णाला मॉर्फिन सुरू करावयाचे म्हटले की नातेवाईक घाबरतात, "व्यसन लागेल" असे म्हणतात. उलट गुडघेदुखी वा कंबरदुखीचे अनेक रुग्ण ट्रॅमाडॉलच्या गोळ्या जुन्याच चिठ्ठीवर महिनोन्‌महिने घेत असतात. पहिल्या ठिकाणी भीती अनाठायी आहे, तर दुसऱ्या ठिकाणी ती हवी तेवढी नाही. म्हणून हा खुलासा.

मॉर्फिन व कोडीन अफूपासून मिळतात; ट्रॅमाडॉल व फेंटॅनिल ही त्याच धर्तीवर काम करणारी कृत्रिम औषधे होत. मेंदू व मज्जारज्जूतील विशिष्ट ग्राहींवर कार्य करून ती वेदनेची जाणीव कमी करतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच कर्करोगाच्या तीव्र वेदनांसाठी तोंडाने घ्यावयाच्या मॉर्फिनची शिफारस केली. आपल्याकडे मात्र १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या जाचामुळे ते दुर्मीळ झाले. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधांसाठी देशभर एकच पद्धत आली व मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना ती ठेवणे सुलभ झाले. २०१८ पासून ट्रॅमाडॉलही याच कायद्याच्या कक्षेत आहे.

कर्करोग नसलेल्या जुनाट दुखण्याची गोष्ट निराळी आहे. कंबर, गुडघा व खुबा यांच्या दुखण्याच्या २४० रुग्णांवर अमेरिकेत वर्षभर अभ्यास झाला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार अफूजन्य औषधे साध्या वेदनाशामकांपेक्षा सरस ठरली नाहीत. दुष्परिणाम मात्र अधिक आढळले. दीर्घ वापराने मात्रा वाढवावी लागते, बद्धकोष्ठता जडते, झोपेची गोळी वा मद्य यांच्या जोडीने श्वसन मंदावण्याचा धोका असतो. काहींना व्यसनही लागते. मात्र शरीराला औषधाची सवय होणे व व्यसन लागणे या भिन्न बाबी आहेत. सवय झालेल्या रुग्णाचे औषध एकाएकी बंद केल्यास त्रास होतो. ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते.

नातेवाइकांना आमची विनंती आहे की, मात्रा स्वतःहून वाढवू वा थांबवू नये, गोळ्या कुलूपबंद ठेवाव्यात, दुसऱ्या कोणास देऊ नयेत व उरलेल्या परत आणून द्याव्यात. रुग्णास अति गुंगी आल्यास किंवा त्याचा श्वास मंदावल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

मराठवाड्याच्या दूरच्या तालुक्यांतून छत्रपती संभाजीनगरला येणाऱ्या रुग्णास दर महिन्याची फेरतपासणी परवडत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही तीच खरी सुरक्षा आहे. हिशेबाच्या दृष्टीने पाहता मॉर्फिनची गोळी स्वस्त असते. खर्च येतो तो फेरतपासणी, व्यायामोपचार, समुपदेशन व काटेकोर नोंदींवर. या बाबी दानपेटीवरील फलकात दिसत नाहीत. परंतु वेदनेने तळमळणाऱ्यास औषध मिळावे आणि ज्यास ते नको त्याचे त्यापासून रक्षण व्हावे, ही दोन्ही कामे त्यांवरच अवलंबून आहेत. देणगीदारांनी यंत्रसामग्रीइतकेच याकडेही लक्ष पुरवावे, ही नम्र विनंती.