श्वासाचा हिशेब : वाहनांचा धूर, मुलांचा दमा आणि घरखर्च

बालकांचा दमा हा विषय सामान्यतः डॉक्टरांच्या अखत्यारीतील मानला जातो आणि वाहनांचा धूर हा परिवहन खात्याच्या. या दोहोंच्या मध्ये खर्चाचा एक तिसरा विषय आहे, आणि तो कोणाच्याच अखत्यारीत पडत नाही. आजारी मुलाच्या घरात तो महिन्याच्या महिन्याला जाणवतो, परंतु रस्ता बांधताना जे अंदाजपत्रक तयार होते त्यात त्याला रकाना नसतो. हा खर्च मोजतात कसा, इतरत्र त्याचे काय आकडे निघाले, आणि धार जिल्ह्यातील कुक्षीसारख्या तालुक्याच्या गावी असा हिशेब मांडायचा झाल्यास काय लागेल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

'दमा' हा शब्द फारसीतील 'दम' म्हणजे श्वास यावरून आला असून उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत तो रुळला आहे. मराठीने तर दम लागणे, दम धरणे, दम देणे अशी त्याची भलीमोठी प्रजा वाढवली. ज्या गोष्टीची उणीव भासते तिचेच नाव रोगाला मिळावे, हे भाषेच्या दृष्टीने गमतीचे आहे; रोग्याच्या दृष्टीने अर्थातच नाही.

या रोगात श्वासनलिकांच्या आतील अस्तराला दीर्घकाळ सूज राहते. अशा नलिका धूळ, धूर, थंड हवा किंवा साध्या सर्दीनेही एकदम आकुंचन पावतात, आणि श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. मुलांच्या नलिका मुळातच अरुंद असतात. शिवाय शरीराच्या वजनाच्या मानाने मूल मोठ्या माणसापेक्षा अधिक हवा आत घेते, आणि त्याचे नाक वाहनाच्या धुराच्या नळीच्या अधिक जवळ असते. वाहनांच्या धुरातील नायट्रोजन डायऑक्साइड हा वायू व डिझेलच्या काजळीचे सूक्ष्म कण या अस्तराला इजा करतात.

धुराची भूमिका येथे दुहेरी आहे, आणि खर्चाच्या दृष्टीने हाच मुद्दा महत्त्वाचा ठरतो. ज्या मुलाला अन्य कारणाने दमा आहे त्याचा झटका धुरामुळे उसळतो, ही गोष्ट जुनी व सर्वमान्य आहे. परंतु धुरामुळे निरोगी मुलालाही नव्याने दमा जडू शकतो, हे तुलनेने अलीकडे मान्य झाले. पहिल्या प्रकारात धुराच्या खात्यावर फक्त त्या झटक्याचा खर्च पडतो. दुसऱ्या प्रकारात मात्र त्या मुलाचा सगळाच आजार, म्हणजे रोजचे औषध, रात्रीची जागरणे, शाळेतील सर्व खाडे, धुराच्या नावे मांडावे लागतात. जुन्या हिशेबांतून हा दुसरा भाग गळालेला असे.

ही गळती भरून काढणारा अभ्यास कॅलिफोर्नियातील लाँग बीच व रिव्हरसाइड या दोन शहरांबाबत सिल्व्हिया ब्रँट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केला. लाँग बीच हे बंदराचे शहर. तेथून मालाच्या ट्रकांची अखंड रीघ बाहेर पडते. मोठ्या रस्त्यापासून ७५ मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांत दम्याचे प्रमाण अधिक असते, असे तेथील आधीच्या संशोधनात आढळले होते. त्या आधारे लाँग बीचमधील बालदम्यापैकी सुमारे ९ टक्के आणि रिव्हरसाइडमधील सुमारे ६ टक्के रस्त्याच्या सान्निध्यामुळे असल्याचा अंदाज निघाला. एका दमेकरी मुलामागे वर्षाचा खर्च लाँग बीचमध्ये ३,८१९ डॉलर व रिव्हरसाइडमध्ये ४,०६३ डॉलर आला. दोन्ही शहरांत मिळून प्रदूषणामुळे होणाऱ्या दम्याचा वार्षिक खर्च १ कोटी ८० लाख डॉलर, आणि त्यातील जवळपास निम्मा धुरामुळे नव्याने दमा जडलेल्या मुलांचा.

अध्यापकांनी लक्षात घ्यावी अशी बाब वेगळीच आहे. एका मुलामागच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा औषधांचा किंवा रुग्णालयाचा निघाला नाही, तो शाळेच्या गैरहजेरीचा निघाला. मूल घरी राहिले की आई किंवा वडील घरी राहतात, आणि त्यांचे काम बुडते. हा खर्च मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाच्या मिळकतीच्या ७ टक्के भरला. ५ टक्क्यांपर्यंतचा खर्च कुटुंबाला पेलतो असे मानले जाते.

'९ टक्के रस्त्यामुळे' असे म्हणतात तेव्हा ते कसे ठरवतात? एका काल्पनिक गावात १,००० मुले आहेत असे धरू. त्यांतील ८०० रस्त्यापासून दूर राहतात व त्यांच्यात १०० पैकी ६ जणांना दमा आहे, म्हणजे ४८ मुले. उरलेली २०० रस्त्यालगत राहतात व त्यांच्यात १०० पैकी ९ जणांना, म्हणजे १८ मुलांना दमा आहे. एकूण ६६. रस्त्यालगतच्या मुलांतही प्रमाण ६ च असते तर तेथे १२ च रुग्ण असते. म्हणजे ६ मुलांचा दमा रस्त्याच्या खात्यावर. ६६ पैकी ६, म्हणजे सुमारे ९ टक्के. ही ६ मुले नेमकी कोणती, हे बोट दाखवून सांगता येत नाही. धूर करणाऱ्याला सुटून जाण्याची वाट येथेच सापडते.

भारतातील पुरावा नवा नाही. बंगळूरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. एच. परमेश यांनी रुग्णालयातील २०,००० मुलांच्या नोंदींवरून दाखवले की १९७९ साली ९ टक्के असलेले दम्याचे प्रमाण १९९९ साली २९.५ टक्क्यांवर गेले. त्यांच्या शाळांतील पाहणीत कमी रहदारीच्या भागातील शाळांत हे प्रमाण ११.१५ टक्के, जास्त रहदारीच्या भागात १९.३४ टक्के, आणि जास्त रहदारी अधिक गरिबी जेथे एकत्र आली तेथे ३१.१४ टक्के निघाले. हे तीन आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत. धूर सर्वांसाठी सारखा, हे म्हणणे किती पोकळ आहे ते त्यावरून दिसते. पुढे २०१९ साली 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ'मध्ये जगभराचा अंदाज आला : नायट्रोजन डायऑक्साइडमुळे दरवर्षी सुमारे ४० लाख मुलांना नव्याने दमा होतो, आणि त्यांतील सुमारे ३ लाख ५० हजार भारतातील असतात. या यादीत चीनखालोखाल भारताचा क्रमांक होता.

देशाच्या पातळीवरील पैशाचा हिशेबही झाला आहे. २०१९ या वर्षात हवेच्या प्रदूषणाने भारताचे जे नुकसान झाले ते राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.३६ टक्के, सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपये, असल्याचा अंदाज २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. परंतु अशा पद्धतीत मुख्य भार अकाली मृत्यूवर आणि कमावत्या माणसाच्या बुडालेल्या उत्पादनावर असतो. नऊ वर्षांच्या मुलीने भूमितीचे तीन तास चुकवले, हे त्या तराजूत हलकेच भरते.

आता कुक्षीकडे वळू. निमाडातील हे कापूस आणि मिरचीच्या व्यापाराचे गाव. बडवानी, अलिराजपूर, मनावर, बाग या बाजूंचे रस्ते येथे एकत्र येतात आणि माल ट्रकांतून फिरतो. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात मध्य प्रदेशातील भोपाळ, इंदूर, देवास, उज्जैन, ग्वाल्हेर, जबलपूर व सागर ही शहरे घेण्यात आली. धार जिल्ह्यात हवा सतत मोजणारे यंत्र आहे ते पीथमपूरच्या औद्योगिक क्षेत्रात. एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ च्या मानकाची नवी वाहने विकली जाऊ लागली, ही सुधारणा मोठी आहे. मात्र मोठ्या शहरांतून उतरलेली जुनी वाहने लहान गावांत आणखी बरीच वर्षे धावतात, हे सर्वांच्या पाहण्यातले आहे.

मोजणी झाल्याखेरीज काय होते, आणि झाल्यावर काय होते, याचे उदाहरण याच परिसरात आहे. धार, झाबुआ व अलिराजपूर जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा व बालासिनोरकडील गारगोटीचा दगड दळणाऱ्या कारखान्यांत कामाला जात. परतल्यावर ते खोकून खोकून मरत आणि गावात त्याला क्षय म्हणत. तो सिलिकोसिस होता. स्वयंसेवी संस्थांनी गावोगाव फिरून याद्या केल्या, राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० साली भरपाईची शिफारस केली, आणि मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. तेथे कारखाना ठरलेला होता, म्हणून भरपाई मागता आली. रस्त्यावरच्या धुराला असा एक मालक नसतो.

घरचा खर्च कसा चढत जातो, हे पाहण्यासाठी एक नमुना मांडू. यातील आकडे केवळ उदाहरणादाखल धरलेले आहेत. रोज ४०० रुपये मिळवणारा आणि वर्षात २५० दिवस काम मिळणारा एक हम्माल घेऊ. उत्पन्न १ लाख रुपये. मुलाला वर्षात सहा झटके येतात. दर झटक्याला पालकाचे दोन दिवस बुडतात, ८०० रुपये. डॉक्टर, औषध व जाण्यायेण्याचे ६०० रुपये. सहा झटक्यांचे ८,४०० झाले. एकदा बडवानीला किंवा इंदूरला दाखल करावे लागले, त्याचे ६,००० धरू. एकूण १४,४००, म्हणजे उत्पन्नाच्या १४ टक्क्यांहून अधिक. कॅलिफोर्नियातल्या ओझ्याच्या दुप्पट. दर झटक्याला तीन दिवस शाळा चुकली तर १८ दिवस, शाळेच्या २२० दिवसांतील सुमारे ८ टक्के.

याच मुलाला सूज कमी ठेवणारे रोजचे प्रतिबंधक इनहेलर मिळाले, महिन्याला ३०० रुपये खर्च आला, आणि झटके दोनवर येऊन दाखल करण्याची वेळ टळली असे धरू. मग औषधाचे ३,६०० आणि झटक्यांचे २,८०० मिळून ६,४०० रुपये होतात. वर्षाचे ८,००० वाचतात. तरीही बहुतेक घरी हे औषध थांबते, कारण ३०० रुपये दर महिन्याला खिशातून जातात आणि टळलेला झटका डोळ्यांना दिसत नाही. इनहेलरची सवय लागते हा गैरसमज आहेच; मुलगी असेल तर पुढे स्थळ पाहताना अडचण नको म्हणून 'दमा' हा शब्दच घरात उच्चारला जात नाही, 'जरा कफ आहे' असे म्हणतात. दिल्ली, कोट्टायम व म्हैसूर येथील शाळांतील मुलांवरील २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दम्याची लक्षणे असलेल्या बहुसंख्य मुलांचे निदानच झालेले नव्हते.

येथे शासकीय योजनेतील एक विसंगती नोंदवणे भाग आहे. सप्टेंबर २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. दाखल होण्याची वेळ टाळणारे रोजचे औषध विकत घेतले तर त्याचे पैसे तीत मिळत नाहीत. दम्यासारख्या रोगात ही रचना उफराटी आहे.

दोष एकट्या वाहनांवर टाकणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल. चुलीचा धूर, विडी, मिरची व कापसाच्या मोसमातील धूळ, डासांची कॉइल ही सारी कारणे याच घरांत आहेत. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या पुढाकाराने १ फेब्रुवारी २०११ या एका दिवशी देशातील ८८० शहरे व गावांतील २ लाखांवर रुग्णांची नोंद झाली. डॉक्टरांकडे आलेल्यांपैकी निम्म्या रुग्णांना श्वसनाची तक्रार होती. एवढ्या गर्दीतून वाहनांचा वाटा वेगळा काढायचा तर रस्त्यालगतच्या व रस्त्यापासून दूरच्या, पण चूल, इंधन आणि मिळकत सारखी असलेल्या घरांची तुलना करावी लागते.

हे काम सामुदायिक महाविद्यालयाच्या आवाक्यातले आहे. गावाच्या नकाशावर मोठ्या रस्त्यापासून ७५ मीटरची रेघ, शाळांची हजेरीपत्रके, आणि पालकांसाठी एक पानाची प्रश्नावली, एवढ्यावर सुरुवात होते. हजेरीपत्रकात केवळ 'गैरहजर' असे असते; कारणाचा एक रकाना वर्षभर ठेवला तरी पुष्कळ हाती लागेल. प्रश्नावली नव्याने रचण्याची गरज नाही. १९९१ साली सुरू झालेल्या मुलांच्या दमा व ॲलर्जीविषयक आंतरराष्ट्रीय अभ्यासात ६ ते ७ आणि १३ ते १४ या वयोगटांसाठी साधे प्रश्न तयार झाले. त्यांतला कळीचा प्रश्न : गेल्या १२ महिन्यांत छातीत शिट्टीसारखा आवाज आला का?

खरी अडचण या शिट्टीपाशीच येते. अनेक भाषांत या आवाजाला नेमका शब्द सापडेना, म्हणून त्या अभ्यासात मोठ्या मुलांना रुग्णाची चित्रफीत दाखवण्याचीही सोय करण्यात आली. मराठीत 'घरघर' म्हटले तर ती कफाचीही असते आणि मरणाऱ्या माणसाचीही. उर्दूत 'साँस फूलना' म्हटले तर जिना चढून आलेला मुलगाही 'हो' म्हणेल. कुक्षीतील वर्गात तर निमाडी, भिलाली, उर्दू आणि बोहरा घरांतील गुजराती एकाच बाकावर बसते. तेव्हा प्रश्नावली छापण्यापूर्वी पंधरा-वीस आयांना प्रत्येकीच्या बोलीत हा एकच प्रश्न विचारावा, आवाज तोंडाने काढून दाखवावा, आणि त्या त्याला काय म्हणतात ते जसेच्या तसे लिहून घ्यावे.